अकरा सेकंदांची गर्दी

मी गर्दी आहे. म्हणजे धंद्याने. परदेशी मालिका आपल्या भाषेत येतात तेव्हा राणीला एक आवाज लागतो, राजाला एक लागतो, आणि मागे जे चाळीस हजार लोक मारा, जाळा, सोडा करत असतात त्यांच्यासाठी मी लागतो. मी आणि माझी पाच माणसं. एका माइकभोवती आम्ही गोल गोल फिरतो. कोणी खोकतं, कोणी कुजबुजतं, कोणी पार भिंतीशी जाऊन बोंबलतं. असं सहा वेळा रेकॉर्ड करून एकावर एक रचलं की राजधानी भरते. स्टुडिओत मला नावाने कोणी हाक मारत नाही. गर्दी आली का, असं विचारतात, आणि मी एकटाच आत शिरतो.

ह्या कामाचा नियम एकच. काहीही बोला, पण कळेल असं बोलू नका. गलका ऐकू आला पाहिजे, शब्द नाही. आता माझ्यासारख्या माणसाला कोणी सांगितलं की बाबा, काहीही बोल, कोणाला कळणार नाही, तर तो गप्प बसणार आहे का? आठ वर्षांत मी त्या गर्दीत काय काय घुसवलंय. स्टुडिओ चालवणाऱ्या मॅडमच्या कुत्र्याबद्दलच्या तक्रारी. सासऱ्यांच्या घोरण्याचं साग्रसंगीत वर्णन. दुसऱ्या सीझनमधे किल्ला पडतो तेव्हा मागे जी बाई टाहो फोडते ना, ती खरं म्हणजे गॅस बंद केला होता का, असं विचारतेय.

मालिका म्हणजे ‘तेरावी नदी’. बारा नद्यांचं राज्य, आणि एक तेरावी, जी डोंगरावरून खाली येत नाही, खालून वर चढते. तिच्यावर एक नावाडीण. तिचं व्रत असं की पलीकडे ने म्हणणाऱ्याला नाव विचारायचं नाही आणि नाही म्हणायचं नाही. खुनी आला, नेला. राजा आला, नेला. आणि सात सीझन आम्ही वाट बघतोय की ही नदी वर का चढते ते आता कळेल, मग कळेल. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, पोट सुटलंय, पण नावाडणीच्या वल्ह्यावर खाचा किती आहेत ते झोपेतून उठवून विचारा. एकतीस. बायकोचा वाढदिवस विचारू नका.

तर शेवटच्या सीझनमधे बनवणाऱ्यांना घाई झाली. सहापैकी पाचव्या भागात नावाडीण सकाळी उठते, एका म्हाताऱ्याला नाव विचारते आणि होडी माघारी फिरवते. का? तर काही नाही. दोन मिनिटांत सात सीझनच्या व्रताची माती. मग तिला चौकात उभं करतात आणि चाळीस हजार लोक तिच्यावर ओरडतात. मला पुढचंही ठाऊक होतं, कारण गर्दीचं काम क्रमाने होत नाही, जो तुकडा आधी येईल तो आधी. सहाव्या भागाचा आकांत आम्ही आदल्याच आठवड्यात करून टाकला होता. तिचा सख्खा भाऊ तिला त्याच नदीत बुडवतो. नदी आटते. आणि वर का चढत होती, ते कोणीच सांगत नाही. आठ वर्षं, आणि शेवटी हात झटकून मोकळे.

मला रागच आला. प्रेमात फसवलेल्या माणसाला येतो तसला, ज्यात निम्मी लाज असते. चौकातल्या गर्दीच्या सहाव्या फेरीला मी माइकपासून वीतभर अंतरावर गेलो आणि स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणालो, "बाई गं, कशाला उभी आहेस इथे? पुढच्या रविवारी तुझा भाऊच तुला बुडवणार आहे. आणि नदीचं ह्यांना स्वतःलाही माहीत नाही."

माझी पाच माणसं तोंडावर रुमाल धरून हसली. मीही हसलो. वर ढोल-ताशांसारखं संगीत येणार होतं, त्याखाली हत्ती ओरडला असता तरी कळलं नसतं.

आता बारकी. माझी धाकटी बहीण, एक्केचाळीसची आहे, तरी घरात बारकीच. तिला ह्या स्टुडिओत मीच लावलं. ती सगळे आवाज एकत्र करते, वरखाली करते, आणि तयार फाइल चॅनेलला पाठवते. पाठवताना सही तिची. शेवटच्या दोन भागांसाठी चॅनेलने सगळ्यांकडून कागद लिहून घेतला होता: शेवट आधी फुटला तर जिची सही तिची नोकरी गेली, आणि पुन्हा ह्या धंद्यात कोणी दारात उभं करणार नाही. बारकीचं काम म्हणजे बारकीचं सगळं. भाऊजी भले माणूस आहेत, पण दोन वर्षांपासून पाठीच्या दुखण्याने घरीच.

रविवारी सकाळी अकराला तिचा फोन आला. संध्याकाळी सहाला पाचवा भाग होता. मी आपला गॅलरीत नखं कापत बसलेलो. ती खुशीत होती. म्हणाली, दादा, तुला गंमत सांगायची राहिली. गुरुवारी चॅनेलने चौकाच्या प्रसंगातलं संगीत काढून टाकायला लावलं. एकदम कोरडं. नुसती गर्दी, आणि गर्दी हळूहळू शांत होते, आणि ती बाई उभी. काय दिसतंय म्हणून सांगू.

माझ्या हातातलं नेलकटर खाली पडलं.

मी विचारलं, ऐकलंस का तू ते, संगीत काढल्यावर? ती म्हणाली, तुझी गर्दी कशाला ऐकू? संगीताचा ट्रॅक बंद केला आणि पाठवून दिलं.

हे तुम्हाला सांगायला हवं. बारकी प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकते. राजाचा श्वास, दाराची कडी, घोड्याची टाप. स्टुडिओत तिची थट्टा होते त्यावरून. फक्त माझी गर्दी ती ऐकत नाही. दादाची आहे ना, मग बघायला नको. आठ वर्षांची सवय.

मी तिला फोनवरच सगळं सांगितलं. ती खळखळून हसली. म्हणाली, आजचा चांगला आहे, पण मागच्या वेळचा ह्याच्यापेक्षा बरा होता. मागच्या वेळी मी चॅनेलचा साहेब बनून तिला फोन केला होता आणि फाइल उलटी पाठवलीयेस म्हणून अर्धा तास झापलं होतं. त्याच्या आधी एकदा फाइलच हरवल्याचं. ती रडकुंडीला आली होती तेव्हा, आणि मी पलीकडे पोट धरून.

मी शपथ घेतली. ती म्हणाली, शपथ तर तू मागच्या वेळीही घेतली होतीस. फोन ठेवला.

मग मी मॅडमना लावला. स्टुडिओ त्यांचा. मी म्हणालो, मॅडम, मी गर्दी बोलतोय, फार मोठी चूक झालीये. त्या म्हणाल्या, आवाज छान लावलाय, अगदी घाबरलेला, आज कोणाचा काढलास? रविवारी मी कोणाला माझी फिरकी घेऊ देत नाही. आणि त्यांनीही ठेवला. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

चॅनेल बदललेली फाइल तीनपर्यंत घेतं. तीननंतर कुलूप. घड्याळात अकरा वीस. मी आयुष्यभर लोकांना घाबरवत आलोय. समोरच्याचा चेहरा कसा उतरतो, ओठ कसे कोरडे पडतात, ते बघायची मजा वेगळीच. पण आरशासमोरून शर्ट घेताना माझाच तसला चेहरा दिसला आणि त्यात मजा शोधूनही सापडेना. बायकोला म्हटलं, बारकीकडे जातोय. तिने विचारलं, काय केलंस? काय झालं असं नाही विचारलं.

दार भाऊजींनी उघडलं. बारकी आत मोरीजवळ स्टुलावर बसलेली, केसांना काळा रंग थापलेला, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि गळ्यात जुना टॉवेल. मला बघून म्हणाली, अरे वा, घरपोच सेवा.

मी सांगायला लागलो. ती हसत होती. मी अजून सांगितलं. ती म्हणाली, हाताची थरथर मस्त जमलीये, ही नवीन शिकलास. भाऊजी दारात टेकून हसत होते. मी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्यावर तर भाऊजींनी टाळीच दिली. मी खरं बोलत होतो आणि माझ्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द खोटा होऊन त्यांच्याकडे पोचत होता. मी नाटकं न करता, सरळ, हळू आवाजात बोललो, तर तेही नाटकच वाटलं. ह्याला काय करायचं माणसाने. पाऊण वाजला. भाऊजी चहा टाकायला आत गेले.

माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती जी गंमत वाटली नसती. ती मी आठ वर्षं कोणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

बारकी कामाला लागली त्या पहिल्याच महिन्यात पहिल्या सीझनमधे राजाच्या अंत्ययात्रेचा प्रसंग होता. गंभीर, सगळे माना खाली घालून. आणि तो टीव्हीवर लागला तेव्हा ऐन शांततेत कोणीतरी शिंकलं. मोठ्याने, शेपूट असलेली शिंक. लोक हसले, चॅनेलने झापलं, आणि मॅडमनी बारकीला तीन आठवडे घरी बसवलं. इतकी मोठी शिंक तुला ऐकू कशी आली नाही, म्हणाल्या. बारकीला खरंच आठवत नव्हतं की ती तिने ऐकली होती. तिला वाटलं तिचे कानच गेले. ती कानाच्या डॉक्टरकडे गेली. तिथे कानाला हेडफोन लावून बसवतात, घंटी वाजली की बोट वर करायचं. तेव्हापासून दर वर्षी ती जाते. दर वर्षी बोट वर करून येते. आणि प्रत्येक आवाज दोनदा ऐकते.

मी स्टुलासमोर फरशीवर बसलो आणि म्हणालो, "बारके, ती शिंक माझी होती. तू ट्रॅक तपासून झाल्यावर मी मागून घातली. तुझी चूक नव्हती. तुझे कान कधीच खराब नव्हते."

ती हसायची थांबली. एकदम नाही. आधी डोळे थांबले, मग तोंड. पिशवीतून रंगाचा एक ओघळ कानामागून खाली आला, तिने तो पुसला नाही.

"तीन आठवडे," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मी डॉक्टरकडे जाताना तू माझ्याबरोबर आला होतास."

हे मी विसरलो होतो. किंवा विसरल्यासारखं केलं होतं. आलो होतो मी. बाहेर बाकावर बसून तिच्यासाठी पाण्याची बाटली धरून.

ती उठली, नळाखाली डोकं धरलं, काळं पाणी मोरीत गेलं. निम्माच रंग गेला असेल. ओल्या केसांना टॉवेल बांधून ती म्हणाली, चल. भाऊजी चहाचे तीन कप घेऊन आले तर आम्ही जिन्यात होतो.

स्कूटरवर ती माझ्या मागे बसली, पण खांद्याला हात लावला नाही, मागची दांडी धरली. प्रत्येक सिग्नलला वाटायचं हा सुटणारच नाही.

स्टुडिओ बंद. चावी तिच्याकडे होती. आत तो नेहमीचा गालिच्याचा आणि बंद एसीचा वास. तिने मशीन चालू केलं, पाचवा भाग काढला, चौक काढला आणि मोठ्या स्पीकरवर लावला.

मला वाटत होतं, थोडं पुसट असेल. थोडं इकडेतिकडे झालं असेल. गर्दी कमी होत गेली, होत गेली, आणि त्या रिकाम्या चौकात माझा आवाज आला. पुसट कसला. देवघरात कोणी पेला पाडावा तसा खणखणीत. बाई गं, कशाला उभी आहेस इथे. शेवटचा शब्द संपल्यावर स्पीकरमधे माझं हसू आलं. तेही होतं.

बारकीने डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग पुन्हा लावलं.

"भाऊच बुडवणार," ती म्हणाली. "बरोबरच आहे."

दीड वाजून गेला होता. तिने ते वाक्य कापलं. कापलं तर तिथे भोक पडलं, अकरा सेकंदांचं. शांतता नव्हे, नुसतं काहीच नाही, आणि ते लगेच कळत होतं. त्या जागी गर्दी हवी होती. नवीन, विझत जाणारी. माझ्या पाच माणसांना फोन लावले. एक लग्नाला गेलेला, एक उचलेना, बाकीच्यांना यायला दोन तास. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि काचेपलीकडच्या खोलीकडे निघालो. मी एकटा दहा माणसांचा गलका करतो, ते माझं कामच.

तिने मला हाताने अडवलं. मालिकेत आता तुझा आवाज नको, म्हणाली. तू इथे बस, हे लाल बटण मी हात वर केला की दाब, हात खाली केला की सोड. बाकी कशाला हात लावू नकोस.

आठ वर्षांत बारकी त्या काचेपलीकडे कधी गेली नव्हती. तिला माइकची भीती वाटते. टॉवेल सावरत ती आत गेली, हात वर केला. मी बटण दाबलं आणि हेडफोन कानाला लावले.

ती माइकभोवती फिरायला लागली. पहिल्यांदा आवाज फुटेना. मग लांबून, भिंतीशी तोंड करून, ती बोलायला लागली. मग जवळून. म्हातारीसारखं, मग जाड्या माणसासारखं, मग कुजबुजत. सहा फेऱ्या. एकावर एक चढल्यावर कोणालाही फक्त गलका ऐकू येईल. पण मी एकेक फेरी एकेकटी ऐकत होतो, दोन्ही कान झाकून, आवाज पूर्ण उघडा. काचेतून मला तिची पाठ दिसत होती.

ती माझ्याशीच बोलत होती. सगळं सांगत नाही मी इथे. तिसऱ्या फेरीत ती डॉक्टरच्या खोलीबद्दल बोलली, घंटी वाजायच्या आधीच ती बोट कशी वर करायची, चुकू नये म्हणून. पाचवीत म्हणाली की आईला मरेपर्यंत वाटत होतं हिला कमी ऐकू येतं, आई हिच्याशी मोठ्याने बोलायची. मला माहीत होतं आई मोठ्याने बोलायची. मला वाटायचं, वय झालं.

माझ्या हाताखाली ते बटण घामाने ओलं झालं. मी सोडू शकत नव्हतो, ती अजून बोलत होती.

बाहेर आल्यावर तिने ते तुकडे रचले, कडा जुळवल्या, आवाज हळूहळू खाली आणला. दोनदा ऐकलं. दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी फाइल गेली. मग चॅनेलकडून काहीच नाही. ना मिळाली, ना नाकारली. तीन वाजले. साडेतीन. बारकीने मॅडमना फोन लावला, आणि तिचा त्यांनी उचलला. तिने माझं नाव घेतलं नाही. मी न ऐकता फाइल पाठवली होती, आता बदललीये, नवीन लागेल की जुनी ते मला माहीत नाही, इतकंच म्हणाली. पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. मी फोन मागितला, तिने दिला नाही. ठेवल्यावर म्हणाली, जुनी लागली तर उद्यापासून यायचं नाही.

सहाला आम्ही तिच्या घरी टीव्हीसमोर. दर रविवारी आठ वर्षं मी इथेच बघतो, ह्याच सोफ्याच्या ह्याच टोकाला. भाऊजी पाठीला उशी लावून मधे. त्यांना वाटत होतं फिरकी संपली. बारकी दारातच उभी, केस वाळून एका बाजूला काळे, एका बाजूला करडे.

चौक आला बत्तिसाव्या मिनिटाला. संगीत नाही. चाळीस हजार लोक ओरडताहेत, मग कमी, मग अजून कमी. माझं वाक्य जिथे सुरू व्हायचं ती जागा मला तोंडपाठ होती. नावाडणीने मान वर केली. बाई गं, माझ्या डोक्यात आलं. आणि टीव्हीतून बारकीचा गलका आला, मऊ, विझत जाणारा, कोणालाही न कळणारा. अकरा सेकंद. मग धो धो पाऊस, मग जाहिरात.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते मी घाम म्हणून पुसलं. फोन वाजायला लागला, आमच्या मालिकावेड्यांचा गट पेटला होता. नावाडणीची वाट लावली, आठ वर्षं फुकट गेली, लिहिणाऱ्यांना शरम नाही. शेकडो लोक एकाच वेळी हळहळत होते. त्या सगळ्यांत त्या बेकार भागावर खूश असलेला मी एकटाच.

भाग संपल्यावर मी बारकीकडे बघितलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की गर्दी झकास झाली, आता माझी नोकरी धोक्यात. निघून गेलं तोंडातून, सवयीने. तिने टीव्ही बंद केला.

"पुढच्या रविवारी येऊ नकोस, दादा," ती म्हणाली.

भाऊजी म्हणाले, अगं, शेवटचा भाग आहे.

"त्याला शेवट माहितीये."

ती चहाचे कप गोळा करत होती. चार होते, तीन आत्ताचे रिकामे, एक दुपारचा, माझा, भरलेलाच, वर साय धरलेली. तो तिने तसाच ओट्यावर नेऊन ओतला. मी जरा वेळ सोफ्याच्या टोकाला बसून राहिलो, ती पुन्हा काही म्हणेल म्हणून. आतून फक्त नळाचा आवाज येत होता. मग भाऊजींनी माझ्या हातात हेल्मेट दिलं.